दोघींची एक चाल

माझ्या मेहुणीला स्टुडिओत सगळे पावलंबाई म्हणत. शूटिंगच्या वेळी माणसांचं बोलणं टिपलं जातं, पण त्यांचं चालणं, कपड्यांची सळसळ, टेबलावर कप ठेवल्याचा आवाज, हे काही नीट येत नाही. ते नंतर एका बंद खोलीत, पडद्यावरचं चित्र बघत बघत, नव्याने करावं लागतं. हे काम तिने जन्मभर केलं. फौजदाराच्या बुटांपासून नुकत्याच उभ्या राहिलेल्या पोराच्या पहिल्या पावलांपर्यंत सगळे पाय तिचेच.

मला लिहायची सवय नाही. बायको म्हणाली, "तुम्ही तिथे होतात आणि गप्प होतात, म्हणजे तुम्हालाच सगळं आठवत असणार." तेव्हा जमेल तसं लिहितो.

मेहुणीच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटे, आत काहीतरी समारंभ चालू आहे. दारापासून आतल्या खोलीपर्यंत जोडेच जोडे. टाचांचे, बिनटाचांचे, शिपायाचे, नर्तकीचे, एक जोडी तर मेलेल्या माणसाची म्हणून कुणीतरी टाकून दिलेली. पलंगाखाली वाळूचा ट्रे, खडीचा ट्रे, एक फरशीचा तुकडा आणि दोन फळ्या. एक करकरणारी, एक न करकरणारी. करकरणारीला ती जास्त जपे. स्वयंपाकघरात काकड्या असत, पण त्या खायला मिळतीलच असं नव्हतं. मारामारीच्या प्रसंगात हाड मोडायचं असलं की काकडी मोडत.

एकटीच राही. कान असे की जिना चढणारा माणूस दारात येईपर्यंत त्याची सगळी हकीकत तिला कळलेली असे. "भावोजी, ताईशी भांडून आलात ना? पायऱ्यांवर राग काढत होतात." मी नाही म्हणायचो, आणि ती हसायची. भांडूनच आलेलो असायचो.

एकदा माळ्यावरून बुटांचं खोकं काढताना ती स्टुलावरून पडली. उजव्या घोट्याची हाडं मोडली. डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू घालून ती जुळवली, आणि म्हणाले, चालाल. ती चालायला लागलीही. पण घोटा पूर्वीसारखा वाकेना.

तुम्ही-आम्ही चालतो तेव्हा एका पावलाचे दोन आवाज होतात. आधी टाच टेकते, मग चवडा. इतके लागोपाठ की एकच वाटतो. तिचा उजवा पाय आता एकदम सपाट पडत होता. रस्त्यावर ते कुणाच्या लक्षात येत नसे. मायक्रोफोनच्या मात्र लगेच आलं.

मायक्रोफोनच्या आधी ते आलं कानसेनच्या लक्षात. कानसेन म्हणजे स्टुडिओतले रेकॉर्डिस्ट. काचेपलीकडे डोळे मिटून बसणारे, टाचणी पडली तर कुठल्या बाजूला पडली ते सांगणारे, म्हणून हे नाव. बरी झाल्यावर ती पहिल्यांदा कामाला गेली, तेव्हा चित्रपटात एक नर्स वॉर्डातून चालत जाते एवढाच भाग होता. ती चालली. कानसेनने ते पुन्हा वाजवून ऐकलं. पडद्यावरची नर्स ताठ चालत होती आणि आवाजातली लंगडत होती. कानसेनने हेडफोन काढून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "बाई, मशीन जरा त्रास देतंय. करू नंतर."

ते नंतर कधी आलंच नाही. तिला बोलावणं बंद झालं.

"सांगितलं असतं तोंडावर, तर भांडले तरी असते," ती आमच्याकडे येऊन म्हणाली. "मशीन म्हणे. मशीनचा काय दोष?"

तशात एक जुना मूकपट हाती लागला. कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरात पत्र्याच्या डब्यांमध्ये सापडला होता. त्यातली माणसं कोण, काढला कुणी, कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टुडिओच्या मालकांनी ठरवलं, आपल्या लहान सभागृहात तो दाखवायचा, आणि चित्र चालू असताना सगळे आवाज तिथेच, त्याच वेळी करायचे. संगीत नको. शिवाय ते सगळं एका दमात रेकॉर्डही करायचं. मधे थांबणं नाही, पुन्हा करणं नाही. चित्रपटात एकच बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत असते, म्हणून मालकांनी थेट हिलाच फोन केला. त्यांना पायाचं माहीत नव्हतं. कानसेनने ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

ती फोन ठेवून तशीच आमच्याकडे आली आणि दारातल्या खुर्चीवर बसली.

"हो म्हणून बसलेय, ताई."

"मग आता नाही म्हण," माझी बायको म्हणाली.

"जीभ वळत नाही."

"एरवी तर चांगली वळते."

ती हसली नाही, तेव्हा आम्हाला कळलं की हे साधं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी ठरवलंय. कार्यक्रमाच्या दिवशी काचेपलीकडे कानसेनना माझं लंगडणं ऐकू आलं, तर मी आपण होऊन सांगणार, पुरे आता. सगळे जोडे वाटून टाकीन. आणि नाही ऐकू आलं, तर ताठ मानेने काम मागायला जाईन. हे असं बोलावण्याची वाट बघत बसणं मला जमत नाही."

"जोडे वाटून तू काय करशील?" मी विचारलं.

"तेच कळत नाहीये, भावोजी."

स्टुडिओने चित्रपटाची प्रत पाठवली होती. ती संगणक घेऊन आमच्याकडे राहायलाच आली. तिचा जिना चढायला वाईट, आणि एकटीने काही जमण्यासारखं नव्हतं. गोष्ट साधी होती. एक इस्त्रीवाली बाई उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. भाऊ भांडून घर सोडून गेलेला. ती कपड्यांचे गठ्ठे घेऊन घरोघर जाते, जिने चढते, उतरते, आणि प्रत्येक ठिकाणी भावाची चौकशी करते. शेवटी भाऊ खाली दारात येऊन उभा राहतो.

पहिल्यांदा तिने हातात बूट घातले. टेबलावर फळी ठेवली आणि हातांनी चालून दाखवलं. मला ते फार चांगलं वाटलं. मी तसं म्हणालोही.

"भावोजी, तुम्हाला सगळंच चांगलं वाटतं, म्हणून तर ताईचा संसार झाला," ती म्हणाली. "नीट ऐका. ह्यात वजनच नाही. ही बाई नाही, बाईचं भूत चालतंय."

पुन्हा ऐकल्यावर मलाही तसं वाटायला लागलं. पण तिने सांगितलं म्हणून वाटलं असेल.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. ती घरात सपाता घालून फरफटत चालते. मेहुणी पूर्वी तिला म्हणायची, "ताई, तू चालत नाहीस, केर काढतेस." त्या दिवशी तिने चहाकडे पाहिलंच नाही. बायकोच्या पायांकडे बघत राहिली.

"ताई, तुझा उजवा पाय दे."

"काढून देऊ का?"

"नाही, तुझ्यासकट दे."

बेत असा होता. एकाच जोडीतला डावा बूट मेहुणीने घालायचा, उजवा बायकोने. फळीवर खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. मेहुणीचा चांगला पाय डावं पाऊल टाकणार, बायकोचा उजवं. उरलेल्या दोन पायांत जाड लोकरी मोजे, म्हणजे त्यांचा आवाज नको. लहानपणी दोन मुलांचे पाय बांधून पळवतात तसंच, फक्त बांधायचं नाही. मेहुणी पडद्यावर बघणार आणि बायकोचं मनगट धरून ठेवणार. मनगट दाबलं की पाऊल टाकायचं.

मला वाटलं होतं, पावलं टाकायची म्हणजे पडद्यावरच्या पायांकडे बघायचं. तसं नसतं. बऱ्याचदा पाय चित्रात दिसतच नाहीत. मेहुणी खांद्यांकडे बघते. माणूस एका पायावर भार टाकतो तेव्हा त्या बाजूचा खांदा किंचित खाली जातो, आणि जायच्या आधी मानेत ते दिसतं. हे तिने मला समजावून सांगितलं, पण मला काही दिसलं नाही.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ होता. बायकोचा पाय मोठा, बूट घट्ट, आत बोटं दुमडलेली. शिवाय ती वजनाने जास्त. तिचं उजवं पाऊल असं पडायचं की पडद्यावरची बाई पूर्वीपेक्षाही वाईट लंगडायला लागली.

"पाय आपटू नकोस. कमरेत धर वजन."

"कमरेत आधीच पुष्कळ आहे."

"मग तेच धर. आधी टाच, मग चवडा. ताई, तू पोळपाट आपटल्यासारखं काय करतेस?"

"तू माझ्यापेक्षा लहान आहेस, एवढं लक्षात ठेव."

एके दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. निवृत्त शिक्षक आहेत, सभ्य. दारातच उभे राहून म्हणाले, "रागावू नका, पण घरात कुणाला लागलंय का? सकाळपासून कुणीतरी फार त्रासाने चालतंय. आमची मंडळी म्हणतात, विचारून या." मी त्यांना नाही, नाही, सगळे ठीक, असं काहीतरी सांगून परत पाठवलं. आत आलो तर मेहुणी खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होती.

"खालून पण ऐकू आलं," ती म्हणाली.

त्यानंतर बायको बदलली. मला वाटतं, तोपर्यंत ती बहिणीचं मन राखायला हे करत होती. त्या दिवशी तिने सपाता पलंगाखाली सारून दिल्या आणि स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत टाच-चवडा, टाच-चवडा करत जायला लागली. भाजी चिरताना पाय हलवायची. रात्री झोपेत तिची टाच मला लागायची.

मग एकदा ते खालचे गृहस्थ पुन्हा आले. या वेळी जरा वैतागलेले. "अहो, तुमच्याकडे कुणी बाई पाहुण्या आल्यात का? दिवसभर फेऱ्या घालतात. एकसारख्या. त्यांना म्हणावं, जरा बसा."

"एकच बाई?" मेहुणीने आतून विचारलं.

"म्हणजे? एकच ना? का आणखी आहेत?"

"नाही, नाही, एकच," दोघी बरोबर म्हणाल्या. मेहुणी उठून त्यांचे हात धरायला निघाली होती, मी मधे झालो. बायकोने त्यांना बळेच बसवून चहा दिला. ते चहा प्यायले, पण आमच्याकडे जरा जपूनच बघत होते.

धावण्याचा प्रश्न राहिला होता. शेवटी भाऊ दारात दिसतो तेव्हा बाई जिन्यावरून धावत उतरते. दोघींच्या पायांना तेवढा वेग जमेना, पावलं एकमेकांत अडकायची. ते मेहुणीनेच सोडवलं. म्हणाली, धावणाऱ्याचं वजन पायात नसतं, पुढे गेलेलं असतं. तिथे हातातले बूट चालतील. वजन लागेल ते धावून थांबल्यावर. बाई शेवटच्या पायरीवर थांबते, भावाकडे बघत राहते, मग हळूहळू चालत त्याच्याकडे जाते. ती पावलं पायांनीच टाकायची.

कार्यक्रम दुपारचा होता. सभागृहात पडद्याच्या एका बाजूला मेहुणीने काळा पडदा लावून घेतला होता. लोकांनी चित्र बघावं, आम्हाला बघू नये, असं तिने मालकांना सांगितलं. ते खरंच होतं, पण सगळं नव्हतं. मागच्या बाजूला काचेच्या खोलीत कानसेन. त्यांना एवढंच सांगितलं होतं की बहीण आणि भावोजी वस्तू हातात द्यायला येणार आहेत. आमच्या कोपऱ्यातून मोठा पडदा तिरका पण स्पष्ट दिसत होता.

माझ्याकडे दाराची कडी, पाण्याचं घमेलं, आणि इस्त्री. इस्त्रीची वाफ करायला तापलेल्या तव्यावर ओलं फडकं टेकवायचं होतं. आदल्या दिवशीपासून मी जेवणाकडे बघितलंही नव्हतं. मेहुणीने निघताना मला समोर बसवून जेवायला लावलं. "पोट वाजलं तर तेही रेकॉर्ड होईल, भावोजी. मग त्या इस्त्रीवालीला भूक लागलीय असं लोकांना वाटेल."

दिवे गेले. पहिलाच प्रसंग जिना चढण्याचा होता. दोघी फळीवर उभ्या राहिल्या, बायकोचं मनगट मेहुणीच्या हातात. पडद्यावरची बाई गठ्ठा उचलून निघाली, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ती चालायला लागली. ती एकच बाई. मी खाली पाहिलं तेव्हाच मला दोन दिसल्या. वर पाहिलं की एक.

सगळं ठरल्यासारखं होत गेलं. मी कडी वाजवली, तवा चुरचुरला, घमेल्यात कपडे बुचकळले. एकदा फडकं जरा उशिरा टेकवलं. मेहुणीने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं. दारोदार जाणं झालं, पावसातून परत येणं झालं, तिथे ओल्या फळीवर दोघी हलक्या पावलांनी चालल्या. मग भाऊ खाली दारात आला. बाईने खिडकीतून पाहिलं. मेहुणी डावा बूट काढून फळीवरून उतरली, टेबलाशी बसली, हातांत तसलीच दुसरी जोडी घातली, आणि तो सगळा जिना हातांनी धडधडत उतरली. शेवटच्या पायरीवर पडद्यावरची बाई थांबली. मेहुणी हातांतले बूट काढून आवाज न करता फळीवर परत आली, डावा बूट पायात सरकवला, बहिणीचं मनगट धरलं.

इथे एक सांगायला हवं. सरावात आम्ही चालण्याचे तुकडे तेवढे बघत होतो. जिथे पावलं नाहीत तो भाग मेहुणी पुढे सरकवायची. त्यातही बायको पडद्याकडे बघतच नसे, तिचं लक्ष मनगटाकडे आणि टाचेकडे. म्हणजे चित्रपटातलं एकेक पाऊल तिने टाकलं होतं, पण चित्रपट काही तिने पाहिला नव्हता. आता ती मोकळी उभी होती, समोर एवढा मोठा पडदा, आणि त्यावर त्या बाईचा चेहरा. भावाला बघणारा. तो चेहरा बराच वेळ तसाच राहतो.

बाई चालायला लागली. मेहुणीने डावं पाऊल टाकलं. मग मनगट दाबलं.

काहीच झालं नाही. बायको तोंडावर हात ठेवून पडद्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मेहुणीला विचार करायला वेळ नव्हता. तिने आपला उजवा पाय टाकला. मोज्यातला, न वाकणारा, सपाट. थप असा आवाज आला. त्या धक्क्याने बायको भानावर आली आणि पुढचं उजवं पाऊल तिने बरोबर टाकलं, त्याच्या पुढचंही. बाई भावापर्यंत पोचली. मेहुणीने जुना कोट छातीशी घट्ट धरून दाबला, ती त्यांची मिठी. चित्रपट संपला.

पलीकडे लोक टाळ्या वाजवत होते. मेहुणी फळीच्या कडेवर बसली.

"मला रडू आलं," बायको म्हणाली. "मला माहीतच नव्हतं तो येतो ते."

"मी तुला गोष्ट सांगितली होती, ताई."

"सांगितली होती. दाखवली नव्हतीस."

मेहुणीने मान हलवली. रागावली नव्हती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ती एकेक करून वस्तू पिशवीत भरायला लागली, सावकाश, जसं काही त्या कुणाला तरी द्यायच्या आहेत.

लोक गेल्यावर कानसेन आले. काळा पडदा बाजूला केला आणि उभे राहिले. दोन बायका, मधे एक बुटांची जोडी, एक हिच्या पायात, एक तिच्या.

"शेवटी एक पाऊल तुमचं होतं, बाई," ते म्हणाले.

"हो."

"आणि बाकीची?"

"डावी माझी. उजवी हिची."

कानसेन माझ्या घमेल्याशेजारच्या स्टुलावर बसले. दोघींच्या पायांकडे बघत राहिले. "मी तिकडे बसून विचार करत होतो, ह्यांचा पाय बरा झाला आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

"तुम्ही तरी मला कुठे सांगितलं होतं?" मेहुणी म्हणाली.

त्यांनी घमेल्यातल्या पाण्यात बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "नाही सांगता आलं. फोन उचलायचो आणि ठेवायचो."

"मशीन बिघडलं म्हणालात."

"तेवढंच सुचलं."

"असू दे. आज ऐकू आलंच ना तुम्हाला. माझं ठरलं होतं, ऐकू आलं तर पुरे." बायकोने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"एक ऐकू आलं," कानसेन म्हणाले. "एवढ्या चालण्यात एक. जिन्यावरून धावत आलेल्या बाईचं एखादं पाऊल चुकतंच. माझं चुकेल, तुमच्या बहिणीचं चुकेल. सगळी तशी असती तर वेगळी गोष्ट. ते मी ठेवणार आहे." थोडं थांबून म्हणाले, "ते नाक ओढल्याचं मात्र कमी करावं लागेल. ते कुणाचं?"

"माझं," बायको म्हणाली. "वाजलं का?"

"चांगलंच वाजलं."

मेहुणी पहिल्यांदा हसली. हसता हसता तिने चेहरा कोटात लपवला आणि बराच वेळ वर काढला नाही. कानसेन छताकडे बघत बसले. मी घमेलं उचललं आणि मग कशाला उचललं ते न कळून परत ठेवलं.

"कोर्टावरच्या एका चित्रपटाचं काम आलंय," कानसेन उठत म्हणाले. "वकील, कारकून, शिपाई, सगळे लांब लांब व्हरांड्यांतून चालतात. दोघी याल का?"

"मला कुणी विचारतंय का?" बायको म्हणाली. "बोटं बघा माझी. घरी स्वयंपाक कोण करणार?"

"भावोजी करतील," मेहुणी कोटातूनच म्हणाली.

"हे? हे तव्यावर फडकं उशिरा टेकवतात."

"शिकतील. तूही शिकलीसच की." तिने कोट खाली घेतला, डोळे पुसले आणि कानसेनकडे वळून नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "येऊ. पण माझ्याशी मशीन बिघडलंय असं पुन्हा बोलायचं नाही. काय ते सरळ सांगायचं."

"सरळ सांगीन," कानसेन म्हणाले.

परत येताना टॅक्सीत ती आमच्या दोघांच्या मधे बसली होती. गाडी कोपऱ्यावर वळली नाही तोच तिची मान बायकोच्या खांद्यावर पडली आणि ती घोरायला लागली. मी तिला सावरायला हात पुढे केला, तर बायकोने डोळ्यांनीच नको म्हटलं. घर येईपर्यंत बायकोने तो खांदा जराही हलवला नाही.